पोथीतलं जास्तीचं पान

१

जयप्रकाश दीक्षितांच्या घरातून काहीही चोरीला गेलं नव्हतं. उलट त्यांच्या पोथीत एक पान जास्त आलं होतं.

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती नीलांबरी ओगलेच्या. मराठ्यांच्या काळातली कागदपत्रं मुळातून वाचता यावीत म्हणून ती पुण्यात असताना फारसी शिकली होती. लग्नानंतर सुश्रुतच्या नोकरीपायी आइंडहोवन या डच गावी आली, तेव्हा चिपची यंत्रं बनवणाऱ्या त्या शहरात आपल्या फारसीला कोण विचारणार, असं तिला वाटलं होतं. पहिली दोन वर्षं तसंच झालं. मग ओळखीतून कोणाचं जुनं फर्मान, कोणाच्या पणजोबांची सनद असे कागद वाचायला येऊ लागले आणि तिनं स्वतःचा छोटा व्यवसाय रीतसर नोंदवला.

२०२१चा फेब्रुवारी महिना होता. घरी दिवसाला एकच पाहुणा, रात्री संचारबंदी, ट्रेनमध्ये मास्क. त्या दिवशी डेल्फ्टमधल्या दीक्षितांच्या घरची एकुलती एक पाहुणी नीलांबरी होती.

दीक्षितकाकांची हयात इथल्या विद्यापीठात पाण्याचं शास्त्र शिकवण्यात गेली. काकू जाऊन दीड वर्ष झालं होतं. काकांना फारसी येत नव्हती, पण जुन्या पोथ्यांचा शौक होता, आणि ही पोथी त्यांची सगळ्यात लाडकी. तीत सगळ्या तुरुंगातल्या कविता होत्या. आठ-नऊशे वर्षांपूर्वी गझनीच्या सुलतानाची मर्जी फिरली की कालचा दरबारी कवी डोंगरी किल्ल्यात बंद व्हायचा. तिथून तो बेड्यांबद्दल, झरोक्यातून दिसणाऱ्या चांदण्यांबद्दल, आठवणीतल्या आपल्या गावाबद्दल लिहायचा. फारसीत अशा कवितांना हब्सियात म्हणतात.

"जूनमध्ये गॅलरी उघडली की प्रदर्शन," काका उत्साहानं सांगत होते. "इंग्रजी भाषांतर बहरामनं केलंय. पण मराठी मला थेट फारसीतून हवं. आणि ही बघ, सतरावी कविता. ही दुसऱ्या कुठल्याच पोथीत नाही. हरवलेली कविता आहे ही! परवा मजकूर छापायला जाणार."

नीलांबरीनं पान उलटलं. मग मागचं पाहिलं, मग पुढचं. तिनं खिशातून छोटा टॉर्च काढला.

"काका, या पोथीला कधीतरी कसर लागली होती ना?"

"होती. हे काय, भोकं बुजवलेली दिसतायत की."

"कसरीनं वरून खालपर्यंत एकच बोगदा पाडलाय. सगळ्या पानांत त्याच जागी भोक आहे, पातळ कागदानं बुजवलेलं." तिनं सतराव्या कवितेच्या पानामागे टॉर्च धरला. "फक्त यात नाही. कसर एक पान सोडून पुढे उडी मारत नाही, काका. हे पान या पोथीचं नाही."

२

काकांनी तिच्या हातातला टॉर्च घेऊन स्वतः पान पाहिलं. मग त्यांच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

"बहराम," ते म्हणाले. "दुसरं कोण?"

बहराम हा आइंडहोवनमध्ये राहणारा इराणी म्हातारा. मुलांना फारसी शिकवायचा, आणि त्याचं अक्षर इतकं सुरेख की लोक त्याच्याकडून कविता लिहून घेऊन भिंतीवर लावत. शरद ऋतूभर तो या टेबलापाशी बसून पोथी वाचत होता.

"जुन्या वळणाचं अक्षर त्याला काढता येतं. स्वतःच कविता लिहायची, पोथीत घालायची आणि हरवलेली सापडली म्हणून गाजावाजा करायचा. आणि मी मूर्खासारखा सगळ्यांना सांगत सुटलो! मी आजच पोलिसांत तक्रार करतो."

"पोथीला अजून कोणाचा हात लागला होता?"

"दुरुस्तीला आर्नहेमला दिली होती, हान्नेकेकडे. पण तिला फारसीचं एक अक्षर येत नाही. सुटी पानं होती, तिनं साफ करून, शिवून दिली. आणि ही आमची स्वानंदी."

स्वानंदी काकांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी विद्यार्थिनी. वास्तुशास्त्र शिकत होती. पोथीचे फोटो तिनंच काढले होते. नाव ऐकून ती जिन्यावरून खाली डोकावली.

"काका, मी काही केलेलं नाही हं," ती घाबरून म्हणाली.

"शिवायला देण्याआधी पानं मोजली होती?" नीलांबरीनं विचारलं.

काकांनी नजर चुकवली. "पेटीत सुटी होती. वाचता येत नाहीत ती मोजणार काय?"

"मग मला दोन दिवस द्या. तक्रार गेली तर बहरामकडे कोणी मुलं पाठवणार नाही. नंतर चूक कळली तरी उपयोग नाही."

काका खिडकीकडे वळले. मागे न बघता म्हणाले, "तुला माहीत आहे नीलांबरी, तुझी काकू गेल्यापासून खाली मी एकटाच. बाहेर जाता येत नाही, कोणी येत नाही. त्या कवितेतल्या माणसाला हे सगळं कळलंय असं वाटायचं. आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाला. आणि ती बनावट निघावी?"

नीलांबरीनं पोथी पुन्हा उघडली. तिनं फोनवर त्या पानाचा फोटो घेतला आणि बाहेर पडली.

३

कॅफे बंद होते. डबा खायला ती शहराबाहेरच्या कालव्याच्या बांधाखालच्या बाकावर बसली. एका हातात पोळीची गुंडाळी, दुसऱ्या हातात फोन. मूळ कविता आता ती पहिल्यांदाच शांतपणे वाचत होती. बहरामचं इंग्रजी तिनं आधीच वाचलं होतं.

बहरामच्या भाषांतरात होतं: ढगांची गलबतं डोंगरांच्या शिंगांवरून जातात. सुंदर ओळ. पण पानावर डोंगर नव्हतेच. पानावर स्पष्ट लिहिलं होतं:

गाईंच्या शिंगांवरून गलबतं जातात,
पाणी वर, कुरण खाली, आणि मी कुरणाहून खाली.

गाय आणि डोंगर! पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ही चूक करणार नाही. तिनं पुढे वाचलं. बहरामनं लिहिलं होतं की बंद दारांवर समुद्राचा फेस आपटत होता. मुळात शब्द होता 'कफ'. फारसीत कफ म्हणजे फेस खरा, पण कफ म्हणजे तळहातही, आणि पुढच्या क्रियापदामुळे अर्थ एकच निघत होता:

त्या रात्री बंद दारांमागून सारं गाव टाळ्या वाजवत होतं,
कोणाचं लग्न की कोणाची सुटका, मला कोणी सांगितलं नाही.

ती थबकली. तेवढ्यात भोंगा वाजला. तिनं वर पाहिलं. समोर कुरणात मेंढ्या चरत होत्या, त्यांच्यामागे बांध होता, आणि बांधावरच्या कालव्यातून एक लांबलचक मालवाहू बोट सावकाश चालली होती. मेंढ्यांच्या डोक्यांवरून.

घास तिच्या हातातच राहिला.

गझनीजवळ असं दृश्य नाही. कुठल्याच डोंगरी किल्ल्यातून ते दिसत नाही. जमीन पाण्याच्याही खाली असलेल्या देशातच ते दिसतं. आणि टाळ्या? गेल्या मार्चमध्ये, पहिल्या लॉकडाउनला, दवाखान्यांत काम करणाऱ्यांसाठी सगळा देश एका संध्याकाळी दारं-खिडक्यांत उभा राहून टाळ्या वाजवत होता. ती आणि सुश्रुतही बाल्कनीत उभे होते.

तिनं सुश्रुतला फोन लावला. तो मीटिंगमधून कुजबुजला, "अर्जंट आहे का ग?"

"सुश्रुत, तो कवी इथलाच आहे. कोंडलेला होता, गेल्याच वर्षी. आणि बहरामला ते माहीत आहे."

४

दुसऱ्या दिवशी बहराम तिला आइंडहोवनच्या बागेत भेटला. करड्या कोटात, काठी टेकत, दोन हातांचं अंतर ठेवून तो तिच्याबरोबर चालू लागला. नीलांबरीनं गाय आणि टाळी हे दोनच शब्द फारसीत उच्चारले. म्हातारा थांबला.

"तुम्ही मूळ वाचलंत तर, खानम," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, डेल्फ्टमध्ये ते वाचणारं कोणी नाही."

"तुम्ही मुद्दाम चुकीचं भाषांतर केलंत."

"हो."

"पानही तुम्हीच घातलंत?"

"नाही!" त्यानं काठी जमिनीवर आपटली. "माझ्या आईची शपथ, पान तिथे होतंच. सोळा कविता वाचून सतरावीवर आलो आणि तीच पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. या माणसाचं व्याकरण जुनं, वृत्त जुनं, पण हे गझनीच्याच देशातल्या हेरातकडचे शब्द आहेत, आजच्या माणसाचे. आणि टाळ्या तर मीही वाजवल्या होत्या. तेव्हाच कळलं की हा जिवंत आहे."

"मग सांगितलं का नाही?"

"कोणाला? दीक्षितसाहेबांना? ते म्हणाले असते, नवी आहे, काढून टाका." त्याच्या आवाजात राग नव्हता. "मी चाळीस वर्षं या देशात आहे, खानम. कोंडलेल्या जिवंत माणसाची कविता मासिकाकडे पाठवली तर उत्तर येत नाही. आठशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाची असेल तर काचेखाली ठेवतात, वर दिवा लावतात. मी म्हटलं, राहू दे याला त्यांच्यातच. निदान लोक वाचतील तरी. म्हणून गाईचे डोंगर केले आणि टाळ्यांचा फेस."

"तो कोण आहे, हे तुम्हाला माहीत नाही?"

"देवाशपथ नाही. तेच तर डाचतंय. कुठे आहे, इथेच आहे की मायदेशी परत पाठवला, काही माहीत नाही."

नीलांबरीला तो खरा वाटला. पण दीक्षितकाकांना काय सांगायचं? भाषांतरात लबाडी केल्याचं म्हातारा स्वतःच कबूल करत होता. त्यापुढे त्याच्या शपथेवर कोण विश्वास ठेवणार?

५

त्या रात्री तिनं स्वानंदीला व्हिडिओ कॉल केला.

"तू फोटो कधी काढलेस?"

"पोथी आर्नहेमहून आली त्याच दुपारी. जूनमध्ये. काकांनी पार्सल माझ्यासमोर उघडलं, डायनिंग टेबलवर. मी लगेच लाइट लावून शूट केलं. नंतर काकांनी ती कपाटात ठेवली."

"आणि बहराम पहिल्यांदा कधी आले?"

"सप्टेंबरमध्ये. त्याआधी तर ओळखही नव्हती. मीच त्यांचा नंबर शोधून दिला ना."

"ते सतराव्या कवितेचं पान तुझ्या फोटोत आहे?"

स्वानंदीनं लॅपटॉपवर शोधलं. एकेक फोटो पुढे सरकवत गेली. "आहे," ती म्हणाली. "ताई, आहे!"

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे पडद्यावर जमले. एका चौकटीत काका, हाताची घडी घालून. एकीत बहराम, एकीत स्वानंदी. शेवटच्या चौकटीत पोथी दुरुस्त करणारी हान्नेके, साठीची, पांढरे केस मागे बांधलेले, मागे कागदांच्या फळ्या. तिचा माइक बंद होता.

नीलांबरीनं इंग्रजीत सुरुवात केली. आधी कसरीचा बोगदा, मग गाई आणि गलबतं, मग टाळ्या. बहरामचं भाषांतर तिनं लपवलं नाही. काका एकदम पुढे सरसावले.

"म्हणजे मी म्हणत होतो तेच! हाच तो—"

"काका, थांबा. पोथी आली त्याच दिवशीच्या फोटोंत ते पान आहे. बहराम त्यानंतर तीन महिन्यांनी आले. शिवाय ते पान नंतर चिकटवलेलं नाही, बाकीच्यांबरोबर एकाच दोऱ्यानं शिवलंय. मधेच पान घालायचं तर अख्खी पोथी उसवावी लागेल. एका दुपारीत, तुमच्यासमोर, स्वानंदीला ते शक्य नव्हतं. ते करता येईल अशी एकच व्यक्ती आहे."

हान्नेकेचा माइक अजून बंदच होता.

"पण एक गोष्ट मला छळत होती," नीलांबरी हान्नेकेच्या चौकटीकडे बघत म्हणाली. "प्रत्येक पानातलं भोक तुम्ही स्वतःच्या हातानं बुजवलंत. याला भोक नाही हे तुमच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. फसवायचं असतं तर तुम्ही इथेही एक भोक पाडून बुजवलं असतं. तुम्ही पाडलं नाहीत. म्हणजे हे कोणाला जुनं म्हणून विकायचं नव्हतं. तुम्हाला ते फक्त जपायचं होतं. बरोबर?"

हान्नेकेनं माइक चालू केला.

"त्याचं नाव यूनुस आहे," ती म्हणाली.

६

परत पाठवायच्या माणसांना ठेवतात अशा एका बंद केंद्रात हान्नेके दर आठवड्याला भेटीला जायची. कोणी नातेवाईक नसलेल्यांशी गप्पा मारायला. तिथे तिला यूनुस भेटला, हेरातचा. आजोबांकडून सुलेखन शिकलेला, जुन्या तुरुंगातल्या कविता तोंडपाठ असलेला. तिनं त्याला कामातून उरलेले जुने कोरे कागद नेऊन दिले होते.

"मार्चमध्ये भेटी बंद झाल्या. फक्त धुतलेले कपडे फाटकावर द्यायचे आणि रिकामी पिशवी परत घ्यायची. मे महिन्यात पिशवीत ते पान आलं. वर इंग्रजीत एवढंच लिहिलेली चिठ्ठी, की माझं सामान हरवतं, हे याच्यासारख्यांच्यात ठेव. पुढच्या आठवड्यात गेले तर म्हणाले, तो आता इथे नाही. कुठे गेला ते सांगायची त्यांना परवानगी नव्हती." हान्नेकेनं डोळे पुसले. "तुमची पोथी तेव्हा माझ्या टेबलावर उघडी होती, मिस्टर दीक्षित. तुम्हीच मला सांगितलं होतं, ह्या कैद्यांच्या कविता आहेत. याच्यासारखे आणखी कुठे मिळणार होते मला? मला वाटलं, कोणाच्या लक्षातही येणार नाही. मग तुम्ही शोध लागला म्हणून जाहीर केलंत आणि माझी हिंमतच गेली. चूक माझी आहे. बहरामना काही बोलू नका."

सगळे काकांकडे बघू लागले. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तो जिवंत आहे?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"मग आपण इथे काय करत बसलोय?" काका एकदम मोठ्यानं म्हणाले. "शोधा त्याला!"

त्या संध्याकाळी बहरामनं कवितेच्या पहिल्या ओळी स्वतःच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड केल्या, खऱ्या, गाई आणि गलबतांसकट. शेवटी तो म्हणाला, "ज्याला पुढची ओळ येते, त्याच्यापर्यंत हे पोचवा." नाव घेतलं नाही, त्या माणसाला त्यामुळे त्रास झाला असता. तो आवाज फोनाफोनी फिरला. रॉटरडॅमच्या बेकरीवाल्याकडून टॅक्सीवाल्यांकडे, तिथून बायकांच्या भिशीच्या ग्रुपवर, तिथून कुठे कुठे. नीलांबरीनं आपला नंबर दिला होता. आठवडा गेला, मग आणखी एक. चुकीचे फोन येत होते. एक जण स्वतःच्याच कविता ऐकवत बसला.

मार्चच्या सुरुवातीला एका बाईचा फोन आला. आर्नहेममधल्या एका चर्चच्या स्वयंपाकघरात ती काम करायची.

"आमच्याकडे एक जण कांदे चिरताना हेच पुटपुटत असतो," ती म्हणाली. "तुमची ओळ ऐकवली तर हातातली सुरी खाली ठेवली, आणि पुढची ओळ म्हणून रडायलाच लागला. त्याच्याशी बोलता का?"

बाईंनी फोन त्याच्या हातात दिला. मग एक थकलेला, सावध आवाज फारसीत म्हणाला, "माझ्यामुळे हान्नेके अडचणीत आली का?"

"नाही," नीलांबरी म्हणाली. "ती तुम्हाला शोधतेय."

विमानं बंद झाल्यावर यूनुसला केंद्रातून सोडून दिलं होतं, हातात देश सोडायची नोटीस देऊन. जायला जागा नव्हती. हान्नेकेचं आर्नहेम एवढंच गाव त्याला नावानं माहीत होतं, म्हणून तो तिथे आला. पण आपल्यामुळे तिलाही त्रास होईल म्हणून तिच्या दारापर्यंत कधी गेला नाही. तिची कार्यशाळा चर्चपासून सायकलनं पाच मिनिटांवर होती.

७

पुढचं काम वकिलांचं होतं आणि सोपं नव्हतं. चर्चच्या ओळखीतली एक वकीलबाई मिळाली. हेरातमधली परिस्थिती पालटत चालली होती, नवे पुरावे होते. नवा अर्ज दाखल झाला. मे महिन्यात पत्र आलं, की निर्णय होईपर्यंत यूनुसला या देशात राहता येईल. निर्णय काय होईल हे कोणालाच सांगता येत नव्हतं. पण आता त्याला पत्ता होता आणि लपायची गरज नव्हती.

पत्र आलं त्या आठवड्यात काकांनी त्याला जेवायला बोलावलं. नीलांबरी दुभाषी म्हणून गेली, आणि जाताना पुरणपोळ्या घेऊन गेली. बहरामही आला. काका त्याच्यासमोर उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "मी तुमच्यावर नको तो आळ घेतला. मला माफ करा." बहराम म्हणाला, "आणि मी तुमच्या गाई पळवल्या." दोघं हसले.

यूनुस मात्र खुर्चीच्या कडेवर बसून होता. जेवण झाल्यावर काकांनी पोथी त्याच्यासमोर ठेवली.

"त्याला विचार, नीलांबरी. पान काढून देऊ? ते त्याचं आहे. हान्नेके काढून देईल."

यूनुसनं पोथी उघडली. आपलं पान पाहिलं, मग मागची सोळा पाहिली, एकेक ओळ ओठांनी वाचत. बराच वेळ लागला. कोणी घाई केली नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "पण खाली माझं नाव लिहा. खोटं वय नको."

"तुझ्या केसला धोका होईल का?" काकांनी विचारलं. वकीलबाईंना तिथूनच फोन लावला. त्या म्हणाल्या, उलट चांगलं.

जूनमध्ये निर्बंध सैल झाले आणि गॅलरी उघडली. एका वेळी थोडेच लोक आत, तोंडावर मास्क. भिंतीवर सोळा चौकटी जुन्या कवींच्या आणि सतरावी यूनुसची, बहरामच्या नव्या भाषांतरासह. शेजारी नीलांबरीचं मराठी. काका आलेल्या प्रत्येकाला त्या सतराव्या चौकटीपाशी नेऊन उभं करत होते आणि पाण्याची पातळी समजावून सांगत होते. हान्नेके मागे कोपऱ्यात होती, स्वानंदी फोटो काढत होती. यूनुस इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीला टेकून होता, कोणीतरी येऊन आपल्याला बाहेर काढील अशा धास्तीनं.

आईबरोबर आलेली एक डच मुलगी, आठ-नऊ वर्षांची, एकेक चौकट मनापासून वाचत त्याच्यापर्यंत आली.

"हे कोणी लिहिलंय?" तिनं डचमध्ये विचारलं.

यूनुसनं नीलांबरीकडे पाहिलं. ती काही बोलली नाही.

"मी," तो डचमध्ये म्हणाला.

मुलीनं मागच्या सोळा चौकटींकडे वळून पाहिलं, त्यांवरची शतकं वाचली, आणि मग त्याच्याकडे नीट निरखून बघत विचारलं, "मग तुम्ही किती वर्षांचे आहात?"

यूनुस हसला. नीलांबरीनं त्याला पहिल्यांदाच हसताना ऐकलं. मोठ्यानं, मान मागे टाकून, इतकं की काकांनीही बोलणं थांबवून वळून पाहिलं.

"बत्तीस," तो म्हणाला.